हाकेला ओ देतो, मग कान कशाला तपासायचे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. नाशकात वाचा-श्रवण उपचारांच्या इंटर्नशिपला येणारी प्रत्येक नवी बॅच हे विचारते. मूल बोलत नाही म्हणून सुरगाणा-पेठेहून नातवाला कडेवर घेऊन आलेल्या आज्याही विचारतात, “हाक मारली की बघतो, टाळीला दचकतो. मग आधी कान कशाला?” आज्यांचं मी समजू शकते, त्यांचा दिवसाचा रोज बुडतो. पण तुम्हाला ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, वाचता येतो, आणि तरी टाळीवर विश्वास?

टाळीत जाड-बारीक सगळ्या पट्ट्यांचे आवाज एकदम आणि जोरात असतात. एखादी पट्टी शाबूत असली तरी मूल वळतं. हाक म्हणजे तर ताणलेला स्वर. स्वराचा बराचसा जोर १००० हर्ट्‌झच्या खाली, आणि ‘स’चा ४००० च्या वर. खालची पट्टी बरी आणि वरची गेलेली असेल, तर मूल हाकेला ओ देतं आणि बोलणं मात्र अर्धंमुर्धं ऐकतं.

निफाडकडचा एक मुलगा होता, दोन वर्षं दहा महिन्यांचा. आईने वहीच्या पानावर त्याचे शब्द लिहून आणले होते: आबा, मामा, मम्म, माऊ, बाऊ, ऊ म्हणजे ऊस, आणि आऊ म्हणजे आई. नावाला लगेच वळायचा. नावात होते फक्त स्वर आणि एक ‘म’. मी ‘उशिरा बोलणारं मूल’ असं लिहिलं आणि भाषेची थेरपी सुरू केली. ओठांचे वर्ण आधी येतात हे पुस्तकातलं आहे, चूक नाही. ‘आऊ’ लाडाने म्हणत असेल असं वाटलं. जिजाऊंच्या महाराष्ट्रात ‘आऊ’ कुणाला खटकणार? पण वयाच्या मानाने त्या पानावर एक ‘त’ नव्हता, एक ‘क’ नव्हता, आणि उसातला ‘स’ गळालेला होता. त्याचं निदान माझ्यासमोर कागदावर पडलं होतं.

चार महिन्यांनी सहा ध्वनींची चाचणी घेतली: म, ऊ, आ, ई, श, स. तुम्हीही अशीच घ्या. पंखा बंद. मुलाच्या बाजूला थोडं मागे, एक मीटरवर बसायचं. तोंडासमोर पातळ कापड ताणलेली रिंग धरायची. तळहात धरलात तर ‘स’ तिथेच अडतो. आवाज नेहमीच्या बोलण्याइतकाच, आणि ‘स’ मुद्दाम दाबून म्हणायचा नाही. आवाज आला की मुलाने ठोकळा बादलीत टाकायचा. दोन ध्वनींमधलं अंतर सारखं ठेवू नका, कधी तीन सेकंद, कधी पंधरा. नाहीतर मूल तालावर ठोकळे टाकतं आणि आपण खूश होतो.

म, ऊ, आ, तिन्हींना ठोकळा पडला. ‘ई’लाही पडला. ‘श’ला हात हवेत तसाच राहिला. ‘स’ला त्याने बादलीत डोकावून पाहिलं, आपण काही विसरलो का म्हणून. मग ‘ई’ परत म्हणायला सांगितलं, तर म्हणाला ‘ऊ’. ई आणि ऊ यांचा खालचा भाग जवळजवळ सारखा असतो, फरक असतो वरच्या भागात. तो त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. म्हणजे ‘आऊ’ लाडाचं नव्हतं, त्याला आई तशीच ऐकू येत होती.

ओएई, म्हणजे आतल्या कानातून परत येणारा बारीक आवाज टिपणारी चाचणी, दोन्ही कानांत रेफर, म्हणजे पास नाही. बेरामध्ये, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू देतात तो प्रतिसाद मोजणाऱ्या चाचणीत, ५०० हर्ट्‌झला जवळपास ठीक, २००० च्या पुढे मात्र आवाज ७० डेसिबलच्या आसपास चढवला तेव्हा कुठे प्रतिसाद. श्रवणयंत्रं लागल्यावर ‘श’ला पाचव्या आठवड्यात वळला. ‘स’ अजून कधी येतो, कधी नाही. मराठीत त्या एका ‘स’वर ‘आला’ आणि ‘आलास’ यांतला फरक असतो. त्याला कुणी ‘तू जेवलास का’ विचारलं तर त्यातलं किती पोचतं, हे मी आजही मोजते.

त्यानंतर मी उलट टोकाला गेले. बेराचा रिपोर्ट आल्याशिवाय थेरपीच नाही, असं तुमच्या आधीच्या दोन बॅचना शिकवलं. तेही चूकच. तपासणी आणि थेरपी एकाच दिवशी सुरू करा, रिपोर्ट आला की दिशा बदला.

“ओएई पास असेल तर पुरे ना, मॅडम?” नाही. आतल्या कानातल्या केसपेशी शाबूत असून पुढची नस नीट संदेश नेत नसेल, तर ओएई पास होतो आणि बेरा बिघडलेला निघतो. उलट सर्दीने मधल्या कानात पाणी साचलं असेल तर ओएई विनाकारण रेफर येतो, म्हणून टिंपॅनोमेट्री, म्हणजे कानाच्या पडद्याची हालचाल तपासणारी चाचणी. मग प्रत्येक मुलाला तिन्ही लावायच्या? मी सध्या लावते. पालक म्हणतात कमिशन मिळत असेल. मिळत नाही, पण त्यांना खर्च होतो हे खरं, आणि बहुतेकांचे कान ठीकच निघतात. सगळ्यांना पाठवणं हा अतिरेक आहे का, याचं उत्तर माझं वर्षागणिक बदलतं.

एक मात्र घरी नीट समजावून सांगा. बेराला मूल झोपलेलं लागतं. पहाटे उठवा, दुपारी झोपू देऊ नका, आणि मुख्य म्हणजे एसटीत झोपू देऊ नका. पेठहून येणारं मूल बरोबर घाटात झोपतं आणि टेबलावर आल्यावर टक्क जागं असतं.