बारा बाय पंधरा मिलिमीटरच्या बोर्डाचा हिशेब

तासगाव परिसरातील बेदाण्याच्या शेडमध्ये तापमान आणि आर्द्रता मोजणारे सेन्सर बसवण्याचे काम मी गेली दोन वर्षे करतो आहे. शेडमध्ये जाळ्यांचे थर एकावर एक बांधलेले असतात आणि दोन थरांमध्ये अंतर थोडेच असते. खरी आर्द्रता कळायची असेल, तर सेन्सर भिंतीवर लावून भागत नाही, तो द्राक्षांच्या मधोमध लोंबकळता ठेवावा लागतो. म्हणून माझा बोर्ड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग बसवण्याचा छापील सर्किटचा तुकडा (पीसीबी), १२ बाय १५ मिमीचा आहे. त्यावर अडीच मिलिमीटर चौरसाचा एसएचटी ३१ सेन्सर, एक कपॅसिटर, दोन रेझिस्टर आणि वायर जोडण्यासाठी चार पॅड (सोल्डर करण्याचे तांब्याचे उघडे ठिपके) एवढेच काय ते बसते. हा बोर्ड परवडेल अशा किमतीत बनवून घेण्यासाठी मला जो अभ्यास करावा लागला, तो असे लहान बोर्ड करू पाहणाऱ्या इतरांना उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीला मी घरीच टोनरने छाप उमटवून आणि फेरिक क्लोराइडमध्ये तांबे खाऊन काढून बोर्ड करून पाहिले. या सेन्सरच्या पॅडांमधले अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत अवघे अर्धा मिलिमीटर असल्यामुळे आणि घरच्या बोर्डाला सोल्डर मास्क, म्हणजे पॅड सोडून बाकी भाग झाकणारा थर, नसल्यामुळे शेजारशेजारचे पॅड सोल्डर करताना जुळून जात, आणि दहा बोर्डांतून जेमतेम तीन-चार कामाचे निघत. तेव्हा कारखान्यात बनवून घेण्याला पर्याय उरला नाही.

येथे पहिला गैरसमज दूर करावा लागतो. बोर्ड लहान म्हणजे तो आपोआप स्वस्त, असे आपण गृहीत धरतो, परंतु कारखान्याच्या दृष्टीने तसे नसते. कारखाना तांबे चढवलेल्या फायबरग्लासच्या साधारण १८ बाय २४ इंचांच्या मोठ्या पत्र्यावर काम करतो. आपल्या गर्बर फाइलींची (बोर्डाच्या थरांची रेखाटने असलेल्या फाइलींची) तपासणी, ड्रिलचा प्रोग्रॅम, छिद्रांच्या आत तांब्याचा थर चढवणे, मास्क, छपाई आणि शेवटची विद्युत चाचणी हे सर्व टप्पे बोर्ड नखाएवढा असो की तळहाताएवढा, पार पाडावेच लागतात. खर्चाचा मोठा भाग या तयारीचा असतो आणि फायबरग्लास व तांब्याची किंमत त्या मानाने किरकोळ ठरते. त्यामुळे लहान बोर्ड स्वस्तात मिळवायचा तर तयारीचा खर्च कोणाबरोबर तरी वाटून घ्यावा लागतो: एक तर अनोळखी ग्राहकांबरोबर, किंवा आपल्याच बोर्डाच्या अनेक प्रतींमध्ये.

पहिल्या मार्गाचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ओएसएच पार्क. पोर्टलंडमधील हौशी मंडळींच्या सामायिक ऑर्डरीतून उभी राहिलेली ही सेवा अनेकांची डिझाइने एकाच मोठ्या पत्र्यावर मांडते आणि दर क्षेत्रफळावर लावते: दोन-थरी (दोन्ही बाजूंना तांबे असलेल्या) बोर्डाच्या तीन प्रतींसाठी प्रति चौरस इंच पाच डॉलर. माझ्या बोर्डाचे क्षेत्रफळ १८० चौरस मिमी, म्हणजे ०.२८ चौरस इंच भरते, तेव्हा तीन बोर्डांची किंमत दीड डॉलरच्याही आत येते, आणि त्यात पॅडांवर निकेल-सोन्याचा सपाट मुलामा असतो. अगदी लहान बोर्डाचे दोन-तीन नमुने हवे असतील, तर याहून न्याय्य दर मी पाहिलेला नाही. मात्र शंभर नग हवे झाले की हाच दर महाग पडू लागतो.

दुसरा मार्ग चीनच्या शेनझेनमधील आणि आता भारतातीलही उत्पादकांचा आहे. तेथे बहुधा १०० बाय १०० मिमीपर्यंतच्या पाच दोन-थरी बोर्डांना एकच ठोक, अतिशय कमी दर असतो. या मर्यादेत १२ बाय १५ मिमीचा एकच बोर्ड पाठवला, तर तेवढ्याच पैशांत पाच नखाएवढे तुकडे हाती येतात आणि उरलेली जागा वाया जाते. शिवाय फारच लहान सुटा तुकडा राउटरखाली (कडा कापणाऱ्या यंत्राखाली) धरून ठेवणे आणि धुताना सांभाळणे अवघड असल्याने अनेक कारखाने तो पॅनेलमध्ये, म्हणजे अनेक बोर्ड जोडून केलेल्या एका मोठ्या तुकड्यात, मांडूनच मागतात. तेव्हा पॅनेल आपणच करावा हे उत्तम. कायकॅड या बोर्ड आखण्याच्या सॉफ्टवेअरसाठी किकिट नावाचे मुक्त साधन आहे, त्यात बोर्डांमधले अंतर, कडेच्या पट्ट्या आणि तोडण्याची पद्धत सांगितली की पॅनेल तयार होतो.

माझा हिशेब असा झाला. बोर्ड एकमेकांना चिकटवून मांडले, तर रुंदीत ८ बोर्डांचे ९६ मिमी होतात. उंचीत ६ बोर्डांचे ९० मिमी आणि वर-खाली पाच-पाच मिलिमीटरच्या पट्ट्या धरून नेमके १०० मिमी भरतात. म्हणजे एका पॅनेलवर ४८, आणि पाच पॅनेलांत २४० बोर्ड. कुरिअर आणि सीमाशुल्क धरून एक बोर्ड मला साधारण बारा रुपयांना पडला. त्यातही बोर्डांच्या किमतीपेक्षा कुरिअरचा खर्च अधिक होता, म्हणून वर्षाची गरज एकदाच मागवणे मला शहाणपणाचे वाटते. १.६ मिमी जाडीच्या अशा पॅनेलचे वजन साधारण ३० ग्रॅम भरते.

बोर्ड असे चिकटून मांडता येतात ते व्ही-कटमुळे. यात पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी इंग्रजी व्ही अक्षरासारखी चर पाडतात आणि मध्ये जाडीचा साधारण तिसरा हिस्सा शिल्लक ठेवतात. ही चर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळच जाते, म्हणून बोर्ड आयताकृती असावा लागतो आणि ट्रॅक (तांब्याच्या वाहक रेषा) कडेपासून निदान ०.४ मिमी आत घ्यावे लागतात. गोलाई हवी असेल, तर राउटरने कापून मध्ये बारीक छिद्रांच्या पट्ट्या ठेवाव्या लागतात. उंदराने कुरतडल्यासारख्या कडा राहतात म्हणून त्यांना माउस बाइट म्हणतात. परंतु राउटरसाठी बोर्डांमध्ये दोन मिलिमीटर जागा सोडावी लागते आणि माझ्या पॅनेलवर ४८ ऐवजी ३५ बोर्डच बसतात. केवळ कोपरे गोल दिसावेत म्हणून पॅनेलमागे तेरा बोर्ड सोडून देणे मला पटले नाही.

या व्ही-कटनेच मला सर्वांत महत्त्वाचा धडा दिला. पहिल्या खेपेतील काही बोर्ड शेडमध्ये आठवडाभर नीट चालले आणि मग सेन्सर मध्येच बंद पडू लागला. सोल्डरिंग पुन्हा तपासले, वायरी बदलल्या, तरी उपयोग झाला नाही. शेवटी कपॅसिटर काढून भिंगाखाली पाहिला, तेव्हा त्याच्या टोकाशी केसाएवढी चीर दिसली. मी सर्व भाग बसवून झाल्यावर पॅनेल हातांनी वाकवून तोडत होतो, आणि माझा कपॅसिटर कडेपासून दोन मिलिमीटरवर, तोडण्याच्या रेषेला काटकोनात बसवलेला होता. सिरॅमिक कपॅसिटर ठिसूळ असतो. बोर्ड वाकला की ताण त्याच्या दोन टोकांवर येतो आणि आतल्या आत चीर पडते. पुढच्या आवृत्तीत मी कपॅसिटर मध्याकडे सरकवला, त्याची लांबी रेषेला समांतर केली आणि तोडण्यासाठी चाकाच्या पात्याचा कटर वापरू लागलो. तेव्हापासून हा दोष एकाही बोर्डात आढळलेला नाही. बोर्ड जितका लहान, तितका त्यावरचा प्रत्येक भाग कडेच्या जवळ असतो, ही गोष्ट डिझाइन करतानाच लक्षात घ्यावी लागते.

ऑर्डर देताना आणखी काही बाबी पाहाव्या लागतात. एकाच पॅनेलवर दोन वेगळी डिझाइने टाकली, तर अनेक उत्पादक वेगळे शुल्क लावतात, म्हणून बचत होईलच असे नाही. पॅनेलमधला एखादा बोर्ड चाचणीत नापास झाला, तर त्यावर फुली मारून बाकीचा पॅनेल चालेल का, असा प्रश्न ऑर्डरीत असतो. हाताने जोडणी करणाऱ्याने त्याला खुशाल होकार द्यावा. मुलाम्यात मात्र मी काटकसर करीत नाही. स्वस्त कथील-मुलाम्याची उंची पॅडागणिक कमीजास्त असते आणि अर्धा मिलिमीटर अंतराच्या पॅडांवर सेन्सर तिरका बसतो. सेन्सरभोवती उष्णता अडवणारी खाच हवी असेल, तर ती १ मिमीहून अरुंद काढू नये, कारण स्वस्त दरात त्याहून बारीक खाच सहसा मिळत नाही. वजन कमी करण्यासाठी ०.८ मिमी जाडीही मी घेऊन पाहिली, पण व्ही-कट केलेला तो पॅनेल सोल्डर पेस्ट लावताना वाकत असे आणि स्टेन्सिल (पेस्ट लावण्याचा छिद्रांचा पत्रा) नीट टेकत नसे. पुढच्या हंगामासाठी मी पुन्हा १.६ मिमीच मागवले आहेत.