एकच जण, हो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न साधारण असा असतो: "मॉलमधे एकटीच जेवायला बसतेस? कसंतरी नाही वाटत?" नणंद विचारते तेव्हा त्यात काळजी असते, ऑफिसातल्या मुली विचारतात तेव्हा कुतूहल, आणि शेजारच्या काकू विचारतात तेव्हा "घरी काही बिनसलंय का" हा पोटप्रश्न असतो. तिघींना उत्तर एकच. घरी काही बिनसलेलं नाही, मला तिथे जेवायला आवडतं. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही.

आवडायचं मुख्य कारण अगदी साधं आहे. चौघं मिळून जेवायला गेलं की एकाचा तरी वार असतो. एकीचा सोमवार, दुसरीचा गुरुवार, तिसऱ्याचा शनिवार, मधेच संकष्टी, आणि श्रावणात तर विचारूच नका. त्यात कुणाला तिखट चालत नाही, कुणाचं कांदा-लसूण बंद. मग मेन्यूकार्ड हातोहात फिरतं, "आपण दोन-तीन डिश मागवू आणि सगळे मिळून खाऊ" असा ठराव होतो, आणि शेवटी एकमत कशावर होतं? पनीरवर. माझं पनीरशी वैर नाही, पण आयुष्यात बाहेर जेवायचे जेवढे प्रसंग येतात ते सगळे त्याच्या नावावर का करायचे? एकटी असले की मी सुरमईचा तवा फ्राय मागवते, सावकाश काटे काढत खाते. काट्याचा मासा खाताना गप्पा मारायच्या नसतात, हे माझ्या आईचं मत होतं आणि ते मला अजून पटतं.

आणि एकट्याने बाहेर जेवणं ही काही मॉलबरोबर आलेली फॅशन नाही. लोअर परळला आज फिनिक्सचा मॉल आहे तिथे आधी कापडगिरणी होती. फिनिक्स मिल्स ही कंपनीच १९०५ सालची. त्या सगळ्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो पुरुष बायकामुलं गावी ठेवून राहायचे आणि खाणावळीत जेवायचे. खाणावळ म्हणजे पुष्कळदा चाळीतल्या एखाद्या बाईची राहती खोलीच. पाळीच्या वेळा सांभाळून ती स्वयंपाक करायची, पैसे पगार झाल्यावर मिळायचे, माणूस गावाला गेला तर खाडा धरायचा. किराणा मात्र रोज लागायचा, म्हणून सावकार दारात उभा. या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मधे अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. त्या खाणावळींत "किती जण?" असं कुणी विचारत असेल असं मला वाटत नाही. येणारा प्रत्येक जण हिशेबाला एकच. उडप्याकडची राइस प्लेटही एकाचीच असते, आणि समोरच्या खुर्चीवर अनोळखी माणूस येऊन बसला तर त्याचं कुणाला काही वाटत नाही.

बाईची गोष्ट मात्र वेगळी होती. जुन्या इराण्याकडे किंवा उडप्याकडे 'फॅमिली रूम' असायची. आत लाकडी आडोसा नाहीतर पडदा, किंवा वर पोटमाळ्यासारखी जागा. बाई एकटी आली तरी ती फॅमिलीच, आणि तिला तिकडे धाडायचे. तिथे पंखा नेमका दुसऱ्या टेबलावर असायचा आणि वेटरला आपण आत बसलोय याचा विसर पडायचा. बाहेरच्या भागात बसलं की चार टेबलांवरच्या माना वळायच्या. मॉलमधे त्या वळत नाहीत. तिथे सगळेच उपरे. गल्लीतलं, चाळीतलं, नात्यातलं कुणी नसतं आणि असलं तरी ते सेलमधे गुंतलेलं असतं. दारात सुरक्षारक्षक, भरपूर उजेड आणि स्वच्छ बाथरूम. यातलं तिसरं कारण पुरुषांना पटकन कळत नाही, बायकांना सांगावं लागत नाही.

हा निवांतपणा फुकट नाही हे मला माहीत आहे. हाजीअलीजवळचा क्रॉसरोड्स मॉल १९९९ मधे सुरू झाला तेव्हा सुरुवातीला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर पैसे भरून आत या, असा प्रकार होता. आता तसं उघडपणे कुणी विचारत नाही, पण दारातल्या रक्षकाच्या हातातलं तपासणीचं यंत्र कुणाच्या कपड्यांकडे बघून जरा जास्त वेळ फिरतं ते दिसतं. मला तिथे सुरक्षित वाटतं त्यात कुणालातरी बाहेर ठेवल्याचा भाग आहेच. ते आवडत नाही, तरी जाते.

आता अडचणी. रेस्टॉरंटच्या दारातली मुलगी विचारते, "किती जण, मॅडम?" "एक." "ओन्ली वन?" हे ती वाईट हेतूने विचारत नाही, तिच्याकडे टेबलं चौघांची आणि दोघांची आहेत, एकाचं नाहीच. मग ती तुम्हाला किचनच्या दाराजवळच्या छोट्या टेबलाकडे नेते. तिथे बसू नका. "ते खिडकीजवळचं मिळेल का?" असं हसून विचारलं की आठवड्याच्या मधल्या वारी बहुतेक वेळा मिळतं. रविवारी दुपारी विचारायलाही जाऊ नका, बाहेर आजी-आजोबांसकट कुटुंबं यादीत नाव लिहून उभी असतात. मात्र एकट्याचा एक फायदा असा की दोघांचं टेबल रिकामं झालं आणि यादीत पुढे सगळे सहा-सहाचे असले, तर आपला नंबर आधी लागतो.

खरी पंचाईत हात धुवायची. पर्स टेबलावर ठेवून जायचं कसं? आणि पर्स घेऊन गेलं तर परत येईपर्यंत अर्धं राहिलेलं ताट उचललेलं असतं, कारण वेटरला वाटतं मॅडम गेल्या. माझा उपाय: हात जेवणाआधीच धुवून यायचं, मधे उठावं लागलंच तर ओढणी खुर्चीवर आणि वेटरला स्पष्ट शब्दांत "मी येतेय, उचलू नका." फूड कोर्टात तर याहून बिकट. तिथे आधी ट्रे आणायचा की आधी टेबल धरायचं? दोघं असतील तर एक बसतो, एक रांगेत. एकट्याला एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसं काहीतरी करावं लागतं, आणि मॉलमधली माणसं रुमालाचा मान ठेवत नाहीत. म्हणून मी फूड कोर्टाच्या वाटेला जात नाही. रेस्टॉरंटमधे थोडे पैसे जास्त जातात, पण खुर्ची आपली राहते.

पैशांवरून आठवलं. एकटी बसलं की बिल वाचायला वेळ मिळतो. जेवणावर साधारण ५ टक्के जीएसटी लागतो, तो द्यायचाच. सर्व्हिस चार्ज मात्र बिलात आपोआप लावायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मधे सांगितलं, आणि मार्च २०२५ मधे दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. तरी एका ठिकाणी तो मला लावून आला. मी काढायला सांगितला, मॅनेजरने काही न बोलता काढला. चौघांत असते तर नणंदेने टेबलाखालून पाय दाबला असता: "जाऊ दे ना वहिनी, शोभतं का?" वेटरच्या हातात मी वेगळे पैसे ठेवते, ती गोष्ट निराळी.

राहता राहिला प्लेटचा आकार. बिर्याणी दोघांना पुरेल एवढी, सूप वन बाय टू करायला समोर कुणी नाही, स्टार्टरचे आठ तुकडे. खाणावळीतलं, उडप्याकडचं ताट एका पोटाच्या मापाचं असतं. मॉलमधले हे रेस्टॉरंटवाले ते माप विसरले आहेत. गुजराती थाळीवाल्याकडे हा प्रश्न येत नाही, पण थाळी रोज झेपत नाही. मी एका मॅनेजरला विचारलं, हाफ प्लेट का ठेवत नाही? "मॅडम, सिस्टिममधे ऑप्शन नाहीये." "मग घाला." "हेड ऑफिसला सांगावं लागेल." तोवर मी पूर्ण प्लेट मागवते आणि अर्धं ताटात वाढायच्या आधीच पार्सल करायला सांगते. शेवटी सांगितलं तर उरलेलं चिवडलेलं अन्न डब्यात येतं, आधी सांगितलं तर नीट येतं. घरून स्टीलचा डबा न्यायचाही प्रयत्न केला. काही ठिकाणी भरून देतात, काही ठिकाणी त्यांच्याच प्लास्टिकच्या डब्यात देतात आणि त्याचे पैसे लावतात.