आता आणि मरणाच्या वेळी

सावंतवाडीहून जुन्या गोव्याला चालत जायचं, हा आईचा नेम होता. दरवर्षी ३ डिसेंबरला, संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला, म्हणजे सणाला. जूनमध्ये आई गेली. तिची रोझरी, म्हणजे जपमाळ, घेऊन यंदा मी निघाले. त्या माळेतला एक मणी कधीच हरवलाय; त्या जागी तिने काळ्या दोऱ्याची गाठ मारून ठेवली होती.

बांद्यापर्यंत गाणी चालली. पत्रादेवी ओलांडली, ऊन चढलं, मग नुसती रोझरीची प्रार्थना उरली. पुढच्यांनी ‘नमो मारिया’ ही येशूच्या आईची प्रार्थना सुरू करायची, मागच्यांनी पुरी करायची. प्रत्येक वेळी शेवटी तीच विनंती, आमच्यासाठी प्रार्थना कर: ‘आता आणि आमच्या मरणाच्या वेळी’. एका रोझरीत ५३ वेळा. जन्मभर म्हणत आलेय, पण कोलवाळच्या पुलावर ते शब्द पहिल्यांदा ऐकले. खाली शापोरा नदी संथ होती. बोट गाठीवर आलं आणि माझा आवाजच फुटेना.

आईच्या शेवटच्या रात्री आम्ही पलंगाभोवती हीच रोझरी म्हणत होतो. तिचे नुसते ओठ हलत होते. चौथ्या रहस्यात, म्हणजे रोझरीच्या चौथ्या भागात, तेही थांबले. जन्मभर तिने दोन वेळांसाठी विनंती केली होती. त्या क्षणी ‘आता’ आणि ‘मरणाची वेळ’ एकच झाली, आणि ती एकटी नव्हती. हे मी मनाची समजूत म्हणून लिहीत नाही. माझा यावर विश्वास आहे.

शेजारून चालणाऱ्या म्हातारीने पाठीवर हात ठेवला. “रड गो बाय. जेजू पण रडलो.” मेलेल्या मित्राला, लाजरसला, आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या थडग्याकडे जाताना रडला. मातीच्या वेळी मला कितीजणांनी सांगितलं होतं, विश्वास आहे ना, मग रडायचं नाही. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं.

रात्र म्हापशात काढली. दुसऱ्या दिवशी रायबंदरचा लांबलचक बांध पार करून आम्ही बाँ जेझूच्या बासिलिकात पोचलो. वर संतांच्या देहाची चांदीची पेटी. संत फ्रान्सिस झेवियर १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले, अवघे ४६ वर्षांचे. पलीकडचा चीन गाठायचा राहूनच गेला. त्यांचा देह टिकला, याचं लोकांना मोठं अप्रूप. मलाही आहे, पण माझी आशा त्यावर टेकलेली नाही. आई तर आमच्या लाल मातीत आहे. तिला ठेवलं त्या दिवशी पाऊस होता आणि पलीकडच्या कुणग्यात तरवा पेरत होते. संत पौलाने पुनरुत्थान समजावताना पेरलेल्या दाण्याचाच दाखला दिलाय. त्या दिवशी खड्ड्याशी उभी राहून मी शेताकडे बघत होते, एवढं आठवतं.

मेणबत्ती लावली. मिस्सा झाली.

परतीच्या गाडीत रोझरी कोण सुरू करणार, म्हणून सगळे माझ्याकडे बघू लागले. ती पाळी आईची असायची. मी माळ हातात घेतली.