नफा आहे, मग पगाराला पैसे का नाहीत?

"नफा दिसतोय ना? मग पगाराला पैसे का नाहीत, सांग बघू."

भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपच्या मालकांनी आज इंटर्नशिपला आलेल्या एमबीएच्या मुलीला विचारलं. ती गप्पच झाली. काकांनी बिलांची फाईल तिच्यापुढे सरकवली. प्रत्येक बिलाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक तारीख, पैसे प्रत्यक्षात आले ती. बिल जूनचं, पैसे दिवाळीनंतर!

२००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. मुलीला हे पाठ होतं.

"कायदा बरोबर आहे गं. पण मोठ्या गिऱ्हाइकाला नोटीस धाडली तर पुढची ऑर्डर कोण देणार?"

वर्किंग कॅपिटल, म्हणजे रोजचा धंदा चालवायला हाताशी लागणारा पैसा, तिला तिथे कळलं. संध्याकाळपर्यंत तिने येणं बाकीचा तक्ता केला, वसुलीचे दोन-तीन फोनही लावले. फार कौतुक वाटलं मला.

पुण्यात एवढी मुलं बीबीए, एमबीए करतात. तयारी कसली, तर सीव्ही, ग्रुप डिस्कशन आणि कडक इस्त्रीचा ब्लेझर. तेही लागतंच. पण भोसरी, चाकण, मार्केट यार्ड इतकं जवळ असताना पहिल्याच वर्षी महिनाभर तिथे का पाठवत नाही आपण त्यांना?