तेवीस तट एकावर एक

९ जून, रात्र

संध्याकाळी सात वाजता वीज गेली, ती अजून आलेली नाही. वारा सुटला, माडाच्या झावळ्या खळ्यात आपटायला लागल्या आणि पाऊस धो धो कोसळला. पाठोपाठ मोबाईलची रेंजही गेली. म्हणून हे वहीत लिहितेय, रेंज आली की टाकेन.

लेक तोंड फुगवून बसलीय. पुण्याहून सुट्टीला आल्यापासून तिचं एकच चाललंय, 'गेम ऑफ थ्रोन्स', जाडजूड इंग्रजी पुस्तकांवरून केलेली टीव्ही मालिका. हॉस्टेलवरच्या सगळ्या मुलींनी बघितलंय, ती एकटीच राहिली म्हणे. पहिला भाग बघून झाला होता आणि दुसरा अर्ध्यावर असताना वीज गेली. पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं होतं, "अगं, आधी पुस्तक वाच. सगळी नको, निदान पहिलं तरी." त्यावर ती म्हणाली, "आई, आठशे पानं! तोवर माझी सुट्टी संपेल." चार दिवस आमचं ह्यावरून वाजतंय. माझा हट्ट खरंच कशासाठी आहे ते आज नीट लिहून काढायचं ठरवलंय.

मी पहिलं पुस्तक वाचलं २०१० च्या पावसाळ्यात. पुस्तक १९९६ चं, मालिका सुरू झाली २०११ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे मी वाचत होते तेव्हा त्या माणसांना कोणाचेच चेहरे नव्हते. मुंबईहून येताना भावाने आणून दिलं होतं. त्या कथेत राज्याच्या उत्तर टोकाला बर्फाची भिंत आहे, ७०० फूट उंचीची. मी आयुष्यात बर्फ बघितला तो मासळीच्या टोपल्यांतला. मग ती भिंत मी बांधायची कशाने? मी मालवणच्या किनाऱ्यावर उभी राहून समोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याकडे बघितलं. जूनमध्ये होड्या बंद असतात, किल्ल्यावर जाता येत नाही, नुसता तट दिसतो. काळा, ओला, वर पावसाची झड, खाली लाटा. तट साधारण ३० फूट उंच. मी मनात हिशेब केला, तेवीस तट एकावर एक ठेवले की ती भिंत. तिच्यावर पहारा करणाऱ्या माणसांच्या अंगावर मी घोंगडी घातली. पुस्तकात तसं काही नव्हतं, पण मला थंडी एवढीच ठाऊक होती.

ती भिंत चार वर्षं माझ्याकडे होती. मग मालिका बघितली. भिंतीच्या पायथ्याशी जो किल्ला आहे त्याचं चित्रीकरण उत्तर आयर्लंडमधल्या एका जुन्या दगडखाणीत झालं आणि वरची भिंत संगणकावर केली. सुंदरच केली, उगीच नावं ठेवणार नाही. पण आता डोळे मिटले की तीच दिसते. माझे तेवीस तट मला पुन्हा रचता येत नाहीत, खूपदा प्रयत्न केला.

एक मात्र आहे. ते तट माझ्याकडे होते हे मला आठवतं. लेकीने आधी मालिका बघितली तर तिच्याकडे हरवायलासुद्धा काही असणार नाही. माझा जीव तुटतो तो ह्यासाठी.

शाळेत स्टाफरूममध्ये हा विषय निघाला की दुसरी बाजूही ऐकू येते. आधी बघितलं की माणसं ओळखीची होतात, मग जाड पुस्तकाची भीती वाटत नाही. ह्यात तथ्य आहे. त्या पुस्तकांत नावांचं रान आहे, शेवटी घराण्यांच्या याद्याच दिलेल्या आहेत. मी तेव्हा वहीच्या मागच्या पानावर वंशावळ काढली होती आणि तरीही दोन भावांची गल्लत करत होते. ज्याला इंग्रजी वाचायचा सराव नाही त्याने आधी बघितलं तर मी त्याला बोल लावणार नाही. पण माझी लेक दिवसभर इंग्रजीतच अभ्यास करते. तिला अडचण फक्त जाडीची आहे.

आणि काही गोष्टी अशा आहेत की त्या बघितल्यावर वाचून उपयोगच नाही. त्या पुस्तकांत बहुतेक प्रकरणांच्या माथ्यावर माणसाचं नाव असतं, आणि त्या प्रकरणात आपण त्याच माणसाच्या डोक्यात बसलेलो असतो. पाचव्या पुस्तकात एक प्रकरण येतं, माथ्यावर अनोळखी नाव. कोणीतरी अंधारकोठडीत आहे, उपाशी, घाबरलेला, स्वतःला एका घाणेरड्या नावाने हाक मारणारा. वाचता वाचता कळतं की हा आपल्या ओळखीचा माणूस आहे, दोन पुस्तकं नजरेआड झालेला. त्याच्यावर इतका छळ झालाय की तो स्वतःचं नाव विसरलाय, म्हणून प्रकरणालाही ते नाव नाही. पुढे माथ्यावरचं नाव बदलत जातं, आणि अगदी शेवटी, एका प्रकरणाच्या माथ्यावर, त्याचं स्वतःचं नाव परत येतं. मी ते पान बघितलं आणि पुस्तक मिटून पडवीत जाऊन उभी राहिले. फक्त प्रकरणाच्या नावाने रडू आलं असं माझ्या बाबतीत पुन्हा कधी झालं नाही. मालिकेत हा छळ तिसऱ्या पर्वापासून डोळ्यांसमोर दाखवलाय. आधी ते बघितलेल्याला त्या अनोळखी नावामागे कोण आहे हे पहिल्या ओळीलाच कळणार. नटाचं काम अप्रतिम आहे, पण पडद्याला प्रकरणाचा माथा नसतो. (तो माणूस कोण ते इथे लिहीत नाही. वाचणाऱ्याचं ते आहे.)

इतकं लिहून झाल्यावर सासूबाईंना विचारलं. त्या आठळ्या सोलत बसल्या होत्या. म्हटलं, आई, गोष्ट आधी माहीत असेल तर नाटक बघण्यातली मजा जाते का हो? त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही.

"राम वनवासाक जातलो ह्यां माका म्हायत नाय काय? तरी दशावताराक रात्रभर बसतंय मां."

मी गप्पच झाले. खरंच की. जत्रेत देवळासमोर आम्ही थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसतो, तेव्हा आख्यानातलं आम्हाला काय माहीत नसतं? संकासुर मरणार हे कडेवरच्या पोरालाही ठाऊक असतं. लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. आम्ही बसतो ते आज हा कसा बोलतोय हे बघायला. म्हणजे आपल्याकडे सगळेच गोष्ट आधी घेऊन येतात. आजीकडून, कीर्तनातून, पोथीतून. ऐकायचं आधी, बघायचं नंतर, हा आपल्या गावांचा जुनाच क्रम आहे.

मग त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मला कधी सुचलंच नव्हतं. दर वर्षी कंपनी वेगळी, राम वेगळा. एका वर्षी उंच, एका वर्षी ठेंगणा, एका वर्षी आवाज बसलेला. त्यामुळे त्यांच्या मनातला राम कोणासारखाच नव्हता. मग १९८७ मध्ये दूरदर्शनवर रामायण लागलं. शेजारच्या घरी टीव्ही होता, अख्खी वाडी तिथे. "तेवापासून देवापुढे हात जोडलंय की तोच दिसता." सांगताना तक्रार नव्हती, पण त्यांचा हात आठळीवर थांबला होता.

चेहरे अनेक असले तर गोष्ट मोकळी राहते. एकच चेहरा ७३ भाग समोर राहिला की तो मनात रुतून बसतो.

लेक अंधारात हे सगळं ऐकत होती. म्हणाली, "मग वाच ना तूच. माझा फोन पण संपलाय."

पत्र्याच्या ट्रंकेतून पुस्तक काढलं. डांबरगोळ्या घालूनही कडेला बुरशी आलीच आहे. चार्जिंगचा दिवा उशाशी ठेवला आणि वाचायला सुरुवात केली. सासूबाईंना कळावं म्हणून प्रत्येक परिच्छेदानंतर मालवणीत सांगत गेले. बर्फ म्हणजे काय? "गारे पडतत तसा काय?" हो, तसंच, पण वितळत नाही. मग मेलेली लांडगीण, तिच्या गळ्यात रुतलेलं सांबराच्या शिंगासारखं शिंग, आणि तिची पिल्लं. पाच पिल्लं, पाच मुलं. सगळे निघतात आणि मग सहावं सापडतं, पांढरं, बाकीच्यांपासून लांब पडलेलं. बाकीच्यांचे डोळे अजून मिटलेले, ह्याचे उघडे.

सासूबाई म्हणाल्या, "वायला पडलेला ता कोणाचा?" लेक म्हणाली, "आजी, मला माहितीये कोणाचं ते," आणि मग स्वतःच थांबली. "नको. आईला वाचू दे."

११ जून

वीज काल पहाटे आली. लेकीने आजीला पहिला भाग लावून दिला. मला वाटलं होतं म्हातारी खूश होईल. लांडग्याच्या पिल्लांपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यो तो नाय. चौदा वर्सांचो सांगलंस मां गो तू? ह्यो तर लगीन झाल्लो दिसता." पुस्तकात त्या सहाव्या पिल्लाचा पोरगा खरोखर चौदाच वर्षांचा आहे आणि धाकटा भाऊ सात वर्षांचा. मालिकेत सगळ्यांची वयं वाढवलीत. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईने एका रात्रीत, इंग्रजीचं अक्षर न वाचता, स्वतःचा चेहरा केला होता आणि ती तो सोडायला तयार नव्हती.

लेकीने दुपारी विचारलं, पुस्तकं कधी संपणार आहेत. संपलेली नाहीत हे मला सांगावं लागलं. पाचवं २०११ मध्ये आलं, सहाव्याची वाट बघतोय. मालिका २०१६ मध्ये पुस्तकांच्या पुढे गेली आणि २०१९ मध्ये संपलीसुद्धा. शेवट हवा असेल तर आज तो फक्त पडद्यावर आहे. 'व्हील ऑफ टाईम' ह्या दुसऱ्या इंग्रजी कथामालेचं नेमकं उलटं झालं. लेखक २००७ मध्ये गेला, दुसऱ्या लेखकाने त्याच्या टिपणांवरून चौदा खंडांची कथा २०१३ मध्ये पूर्ण केली, आणि मालिका तीन पर्वांनंतर बंद पडली. तिथे शेवट फक्त पुस्तकात आहे. तेव्हा 'नुसतं बघेन' म्हणणाऱ्यालाही कधीतरी पानं उलटावीच लागतात.

आज संध्याकाळी वीज असूनही टीव्ही बंद होता. पुढचं प्रकरण वाचलं. त्यात किल्ल्याच्या आवारातलं जुनं रान आहे, देवाचं. तिथे कुऱ्हाड चालत नाही. मधोमध पांढऱ्या खोडाचं झाड, खोडावर कोरलेला चेहरा, डोळ्यांतून लाल चीक. हे मालवणीत कसं सांगायचं म्हणून मी शब्द शोधत होते.

"तां समजावून सांगू नको गो," सासूबाई म्हणाल्या. "राय माका म्हायत आसा. चेरो कोणी कोरलो, ता सांग."