फ्रॅटर्निटीचं दप्तर अर्काइव्हला देताना: माझा अनुभव

आमच्या चॅप्टरचं, म्हणजे फ्रॅटर्निटीच्या विद्यापीठातल्या शाखेचं, घर विकायचं ठरलं तेव्हा बैठकीत छत, पाइपलाइन, कर्ज आणि विमा यांवर तासन्‌तास बोलणं झालं. माळ्यावर आणि तळघरात पडलेल्या कागदांचा विषय कुणी काढला नाही. तो मी काढला आणि अर्थातच काम माझ्याकडेच आलं. पुढचे कित्येक महिने त्यात गेले. अमेरिकेत शिकलेल्या किंवा शिकणाऱ्या मराठी मुलांपैकी काही जण मुलांच्या फ्रॅटर्निटींत किंवा मुलींच्या सोरोरिटींत असतात. त्यांच्यातल्या कुणावर ही वेळ आली तर उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितोय.

मी इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेनचा. शाळेत असताना आईबाबांबरोबर सांगलीहून शिकागोच्या उपनगरात आलो आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी एका फ्रॅटर्निटीत दाखल झालो. फ्रॅटर्निटी हे वसतिगृह नाही आणि नुसता क्लबही नाही. ग्रीक अक्षरांचं नाव, गुप्त दीक्षाविधी, जन्मभराचं सदस्यत्व. विद्यापीठागणिक शाखा असते, तिला चॅप्टर म्हणतात, आणि सगळ्या चॅप्टरांवर एक राष्ट्रीय मुख्यालय असतं. ग्रीक अक्षरांची पहिली संस्था फाय बीटा कॅपा, १७७६ साली विल्यम अँड मेरी कॉलेजात निघाली. आज ती फक्त गुणवंतांचा सन्मान करते. राहण्या-जेवण्याच्या, मैत्रीच्या फ्रॅटर्निटींची परंपरा १८२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजपासून सुरू झाली. मग ओहायोतल्या ऑक्सफर्ड या छोट्या गावात, मायामी विद्यापीठात, १८३९ ला बीटा थीटा पाय, १८४८ ला फाय डेल्टा थीटा आणि १८५५ ला सिग्मा काय अशा तीन मोठ्या संस्था जन्मल्या. पहिल्या दोघींची मुख्यालयं त्याच गावात आहेत. बाकी कितीतरी संस्थांनी इंडियानापोलिस आणि आसपास आपलं बस्तान बसवलं आहे.

आता मुद्द्यावर येतो. सगळ्यात आधी ठरवायचं असतं ते म्हणजे कागद कुणाचे. आमच्याकडे तीन दावेदार होते. घराची मालकी माजी सदस्यांच्या हाउस कॉर्पोरेशनकडे, कागद तयार केले चॅप्टरने, आणि चॅप्टरला सनद दिली मुख्यालयाने. हे मिटल्याशिवाय कुठलंही चांगलं अर्काइव्ह, म्हणजे अभिलेखागार, खोक्याला हात लावत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. उद्या कुणी उठून ‘हे आमचं होतं’ म्हणालं तर काय करायचं?

म्हणून मी आधी मुख्यालयाला लिहिलं आणि नंतर प्रत्यक्ष जाऊनही आलो. मुख्यालय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दर्शनी दालन येतं: संस्थापकांची तैलचित्रं, काचेखाली जुने बॅज, युद्धात गेलेल्या सदस्यांची नावं कोरलेली पाटी. खरा ऐवज मागच्या खोलीत असतो. तिथे नियतकालिकाचे बांधीव खंड, प्रत्येक सदस्याचं कार्ड, नवीन चॅप्टरसाठी आलेले अर्ज आणि अधिवेशनांची इतिवृत्तं असतात. एखादा चॅप्टर कधी आणि का बंद पडला हे तिथल्या पत्रव्यवहारात सापडतं. आमच्या मुख्यालयात हे सगळं सांभाळणारी व्यक्ती एकटीच आहे आणि तिच्याकडे इतरही कामं आहेत. तरी तिने मला मनापासून मदत केली. उत्तर स्पष्ट होतं: विधीचं पुस्तक, मूळ सनद आणि दीक्षेच्या वेळी प्रत्येकाने सही केलेली नोंदवही मुख्यालयाकडे परत यायला हवी. बाकी दप्तर कॉर्पोरेशनने योग्य संस्थेला द्यायला हरकत नाही. हे मी लेखी घेतलं. पुढे त्या एका पत्रामुळे फार काम सोपं झालं.

योग्य संस्था शोधायला लांब जावं लागलं नाही, हे आमचं भाग्य. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या ‘ग्रीक’, म्हणजे फ्रॅटर्निटी-सोरोरिटींच्या, वसाहतींपैकी एक आमच्या विद्यापीठात आहे. खरं तर १८८० च्या दशकात इथे फ्रॅटर्निटींवर बंदी होती, ती १८९१ मध्ये उठली. त्यानंतर त्या अशा वाढल्या की पुढे थॉमस आर्कल क्लार्क या इथल्या डीनने, जो स्वतः अल्फा टाउ ओमेगाचा होता, त्यांचा देशभर पुरस्कार केला. आणि इथेच स्टुअर्ट हाउ नावाचा माजी विद्यार्थी होऊन गेला. चॅप्टरांची बातमीपत्रं काढून देणं आणि माजी सदस्यांशी संपर्क ठेवणं हा त्याचा व्यवसाय होता. तो करता करता त्याने फ्रॅटर्निटींचे अंक, पुस्तकं, पत्रकं असं काय काय आयुष्यभर जमवलं. १९७३ मध्ये तो वारल्यावर हा संग्रह विद्यापीठाकडे आला आणि त्याच्या नावाच्या फाउंडेशनच्या देणगीतून १९८९ मध्ये विद्यार्थिजीवनाचं स्वतंत्र अर्काइव्ह उभं राहिलं. ते दक्षिण ऑर्चर्ड स्ट्रीटवर, उद्यानविद्येच्या जुन्या प्रयोगशाळेच्या इमारतीत आहे. फ्रॅटर्निटींचा इतिहास अभ्यासायला लोक देशभरातून तिथे येतात.

बाहेरून त्या इमारतीकडे कुणी वळूनही बघणार नाही. मला मात्र तिथे पाऊल टाकल्याबरोबर इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांची आठवण झाली. वाड्यावाड्यांत हिंडून, माळ्यांवरची दप्तरं उंदीर-वाळवीच्या तोंडून काढणारा तो माणूस. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं नसतं तर काय काय गेलं असतं! हाउला राजवाड्यांचं नावही ठाऊक नसणार, पण दोघांना ध्यास एकच होता.

अर्काइव्हिस्ट बाईंनी पहिल्याच भेटीत दिलेली सूचना मी कधी विसरणार नाही: ‘तुम्ही काही लावून ठेवू नका. आहे तसं, आहे त्या क्रमाने आणा.’ आपल्याला आधी आवरावंसं वाटतं. पण कुठल्या पाकिटात कशाबरोबर काय ठेवलं होतं, यालाही अर्थ असतो. खजिनदाराच्या वहीत खोचलेली वाण्याची पावती वेगळी काढली की ती निव्वळ पावती उरते. म्हणून मी फक्त खोक्यांना क्रमांक घातले आणि कुठल्या कोपऱ्यात काय मिळालं ते लिहून ठेवलं.

तळघरातल्या काही खोक्यांना ओल लागली होती. बुरशी आलेले कागद चांगल्या कागदांजवळ ठेवायचे नाहीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबायचे नाहीत, कोरड्या हवेत पसरायचे आणि अर्काइव्हला आधीच कळवायचं. गंजलेल्या टाचण्या-क्लिपा ओढून काढू नयेत, ते काम त्यांच्यावर सोडावं. फोटोंच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, पेनने कधीच नाही. ही नावं लिहिण्यासाठी मी तीन-चार ज्येष्ठ सदस्यांना एका दुपारी घरी बोलावलं. हे काम कागदांच्याही आधी करायला हवं, कारण कागद थांबतो, माणसं थांबत नाहीत. दरवर्षीचे कॉम्पोझिट, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या छोट्या छबींची ती भलीमोठी चौकट, अर्काइव्ह सहसा घेत नाही, जागाच नसते. ते स्कॅन करून दिले आणि चौकटी त्या त्या वर्षीच्या लोकांनी वाटून घेतल्या.

माळ्यावर एक लाकडी पेटीही सापडली. समोर हात जाईल एवढं भोक, आत पांढरे आणि काळे गोळे. नवीन मुलाला घ्यायचं की नाही यावर पूर्वी असं मतदान व्हायचं. प्रत्येक जण हात घालून एक गोळा टाकायचा, आणि एक काळा गोळा निघाला तरी तो मुलगा बाद. कोणी टाकला आणि का टाकला, हे विचारायची सोय नाही.

इतिवृत्तं वाचताना मला कळलं की किती जणांच्या बाबतीत त्या पेटीची गरजही पडली नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक मोठ्या फ्रॅटर्निटींच्या घटनेतच गोऱ्या, बहुतेक ठिकाणी ख्रिस्ती, पुरुषांपुरतं सदस्यत्व होतं. फाय डेल्टा थीटाच्या नियमात तर १९५४ पर्यंत ‘शुद्ध आर्य रक्ता’ची अट होती. १९४८ मध्ये ॲमहर्स्ट कॉलेजच्या फाय कॅपा साय चॅप्टरने एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला घेतलं म्हणून त्या चॅप्टरलाच राष्ट्रीय संघटनेतून काढण्यात आलं. अशा भिंतींमुळेच १९०६ मध्ये कॉर्नेलला अल्फा फाय अल्फा आणि १९११ मध्ये इंडियानात कॅपा अल्फा साय या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संस्था निघाल्या. हे मी ऐकून होतो. पण आमच्याच वहीत, शाईच्या सुबक अक्षरात, त्या अटीवरची चर्चा वाचणं वेगळं. अट काढावी असा ठराव एका मुलाने मांडला होता, दुसऱ्याने अनुमोदन दिलं होतं आणि ठराव पडला होता. ज्या घरात मी तीन वर्षं राहिलो, जिथल्या मुलांना आजही भाऊ म्हणतो, त्या घराचं दार माझ्यासारख्याला एके काळी नियमानेच बंद होतं.

ही पानं द्यायची का, यावर आमच्यात खूप ओढाताण झाली. काहींचं म्हणणं होतं की त्या माणसांची नातवंडं हयात आहेत, उगाच बदनामी कशाला. एक ज्येष्ठ, जे त्या काळाच्या थोडं नंतर चॅप्टरमध्ये आले होते, म्हणाले, ‘ज्याने ठराव मांडला त्याचंही नाव तिथेच आहे ना? पान फाडलंत तर तोही जाईल.’ माझं मत त्यांच्या बाजूचंच होतं आणि मी ते ठामपणे मांडलं. गैरसोयीचं पान काढून उरलेलं दप्तर देणं म्हणजे इतिहास देणं नव्हे, जाहिरात देणं आहे. अखेर सगळी इतिवृत्तं जशीच्या तशी द्यायची असं ठरलं.

त्यासाठी कुणाचं खासगीपण उघड्यावर टाकायची गरज नसते. देणगीपत्र करताना हे सगळं बोलून घेता येतं. आम्ही अलीकडच्या तीस वर्षांची इतिवृत्तं ठरावीक मुदतीपर्यंत बंद ठेवली. विद्यापीठाकडून आलेले गुणांचे तक्ते वेगळे काढले, कारण विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींना १९७४ च्या फेर्पा कायद्याचं संरक्षण आहे. शिस्तभंगाच्या आणि रॅगिंगच्या, म्हणजे इथल्या भाषेत हेझिंगच्या, प्रकरणांच्या फाइली वकिलाला दाखवून मगच बंद पाकिटात दिल्या. जाळून टाकाव्यात असं सुचवणारे होते. मी कडाडून विरोध केला. डिसेंबर २०२४ मध्ये हेझिंगविरोधी केंद्रीय कायदा झाला, विद्यापीठांना अशा घटना जाहीर कराव्या लागतात. अशा वेळी आपणच जुने पुरावे नष्ट करायचे, हे मला पटणारं नव्हतं.

देणगीपत्रात आणखी तीन गोष्टी नीट वाचून घ्या. कॉपीराइट कुणाकडे जातो? अर्काइव्हला नको असलेलं परत मिळणार की नष्ट होणार? आणि स्कॅन करून सर्वांसाठी खुलं करायला तुमची परवानगी आहे का? आम्ही नको असलेलं परत मागितलं, बाकी दोन्ही हक्क आनंदाने दिले. सही कॉर्पोरेशनच्या अध्यक्षांची हवी, आणि तशी सही करण्याचा अधिकार देणारा ठराव बैठकीत आधी झालेला हवा.

खोकी गेली म्हणजे लगेच सगळं वाचायला मिळतं असं नाही. आम्लमुक्त फोल्डर, नवीन खोकी, मग संग्रहाची वर्णनसूची. रांगेत इतरही असतात. सूची तयार झाल्यावर मात्र कुणीही आधी वेळ ठरवून, वाचनकक्षात बसून कागद पाहू शकतो. सदस्य असण्याची अट नाही. मतदानाची पेटीही त्यांनी ठेवून घेतली. राहिल्या आहेत त्या १९८० च्या दशकातल्या व्हीएचएस टेपा. त्यांचं डिजिटायझेशन खर्चिक आहे, म्हणून माजी सदस्यांकडून वर्गणी गोळा करणं सध्या चालू आहे.