पासआउट म्हणजे चक्कर?

प्रत्येक ग्रुपवर एक तरी इंग्रजीचे गुरुजी असतातच. कुणी लिहिलं की मी अमुक कॉलेजचा २००५ चा पासआउट, की हे लगेच हजर, अरे बाबा पासआउट होणं म्हणजे बेशुद्ध पडणं, ग्रॅज्युएट झालो म्हण. आता अमेरिकेपुरतं ते खरंय, तिथे कंपनीत अर्ज टाकायचा असेल तर गपचूप ग्रॅज्युएट लिहावं, वाद घालत बसू नये. पण हा म्हणे आपणच घरी बनवलेला चुकीचा शब्द, हे काही मला पटत नाही.

तो आलाय परेड ग्राउंडवरून. ब्रिटिश लष्करात ट्रेनिंग संपलं की पासिंग आउट परेड. आपल्याकडे खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, ती वर्षातून दोनदा होते, शेवटी कॅडेट्स संथ पावलं टाकत मैदानातून बाहेर पडतात, त्याला अंतिम पग, म्हणजे शेवटचं पाऊल म्हणतात, तेव्हा बघायला आलेल्या आईबापांचे चेहरे बघावेत एकेकदा. मे २०२५ मध्ये मुलींची पहिली बॅच तिथून पासआउट झाली, १७ जणी, तेव्हा पेपरात बातमी वाचून कुणी कांदा हुंगवायला धावल्याचं ऐकलं नाही.

आपण एवढंच केलं की हा शब्द परेडवरून उचलला आणि सगळ्या कॉलेजांना लावून टाकला. आणि त्याची गरज होती हो. आपल्याकडे ग्रॅज्युएट म्हटलं की डिग्रीच पाहिजे, विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मत द्यायचं तर ती डिग्रीसुद्धा किमान तीन वर्षं जुनी लागते. अमेरिकेत बारावी झालेलं पोरगंही हायस्कूल ग्रॅज्युएट असतं, इथे बारावीवाल्याने तसं सांगितलं तर काका विचारणार, डिग्री कधी घेतलीस रे? मग आयटीआयवाल्याने, डिप्लोमावाल्याने सांगायचं काय? (हल्ली सिनियर केजीच्या पोरांनाही काळे गाऊन घालून ग्रॅज्युएशन डे करतात, टोपी नाकापर्यंत उतरलेली आणि हातात सर्टिफिकेटची गुंडाळी, त्यावर मात्र गुरुजी काही बोलत नाहीत.)

मला खटकतो तो नोकरीच्या जाहिरातीतला पासआउट. '२०२४ आणि २०२५ पासआउट ओन्ली', म्हणजे २०२३ वाला पोरगा दुधाच्या पिशवीसारखा एक्स्पायर झाला का? आणि ज्याची एटीकेटी राहिलीय तो बिचारा नुसताच आउट, पास व्हायचं बाकी.

शाळेच्या गेट-टुगेदरला मात्र हा हिशोब कुणी करत नाही. बॅनरवर झोकात '१९९८ पासआउट बॅच' आणि त्याखालच्या फोटोत दहावीला गणितात उडालेलेसुद्धा सगळे असतात, उलट वर्गणी गोळा करायला, हॉल ठरवायला आणि मिसळीची ऑर्डर द्यायला तेच सगळ्यात पुढे.